शेवटची पंगत

आमच्या पनवेलच्या ऑफिसात एकच माणूस असा होता, की स्क्रीनवर चक्र गरगरत राहिलं तर हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचा. बाकी आम्ही बटणावर तुटून पडायचो. "दम धरा," ते म्हणायचे. "परत दाबलं की तुमी एकाचे दोन होता. मागच्यांनी काय करायचं?" हे इतक्या वेळा, की त्यांचं पाटील हे आडनाव मागे पडलं आणि ते दमधरे झाले. चहाला उशीर झाला तरी आम्ही त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवायचो. तेही हसायचे.

त्यांचं काम गर्दी करण्याचं. नवी वेबसाइट लोकांसाठी उघडण्याआधी तिच्यावर हजारो खोटी माणसं सोडायची आणि सर्व्हर कुठे धापा टाकतो ते बघायचं. त्या खोट्या माणसांना ते पावणे म्हणत. दमधरे मूळ कोन गावचे. तिकडे लग्नाच्या हळदीला पत्रिका मोजून भात शिजवत नाहीत; येईल त्याला जेवायला घालतात. मी नवी असताना मोठ्या ऐटीत सांगितलं, की सरासरी उत्तर झटपट येतंय. "सरासरी नको सांगू, बाय," ते म्हणाले. "शेवटच्या पंगतीला भात मिळाला का, ते सांग." मिळाला नव्हता; रांगेतल्या शेवटच्या पावण्यांना उत्तरच आलं नव्हतं. मी मुकाट्याने चाचणी पुन्हा लावली.

मग एका नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाचं काम आलं. उरलेल्या थोड्या जागा, जो आधी अर्ज पाठवेल त्याला. दमधऱ्यांच्या पावण्यांपुढे सर्व्हरने हात टेकले. ते साहेबांकडे पुन्हा पुन्हा गेले. साहेबांनी गिऱ्हाइकाला तारीख देऊन ठेवलेली. "सरासरी बरी आहे ना? मग झालं," ते म्हणाले. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

त्यातलीच एक जागा दमधऱ्यांच्या मुलीला, सायलीला हवी होती. यंदा नाही मिळाली तर मामाच्या गोदामात नोंदी करायला जायचं, असं घरात ठरलेलं. प्रवेशाच्या दिवशी सकाळी घरी वीज नव्हती, म्हणून ते तिला ऑफिसात घेऊन आले. ती माझ्या शेजारी बसली. प्रवेश सुरू झाला, तिने बटण दाबलं आणि चक्र फिरू लागलं. माझ्या स्क्रीनवर सर्व्हरवरच्या ताणाची रेघ चढत चढत वर टेकली. सायलीचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं.

"दम धर," दमधरे म्हणाले.

तिने हात मांडीवर ठेवला, अगदी बापासारखा. मला वाटत होतं, आपणच दाबावं. पण दमधऱ्यांसमोर ते धाडस होईना. त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं दुखणं डोळ्यांदेखत घडत होतं आणि आम्ही तिघं नुसते बघत बसलो होतो.

पान उघडलं तेव्हा जागा भरल्या होत्या. मी सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या. जागा मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी बटण अक्षरशः बडवलं होतं. सायलीचा एकुलता एक अर्ज रांगेत ताटकळून गळून पडला होता. दमधरे माझ्या मागे उभे राहून तेच वाचत होते.

"बाबा, मी थांबले ते बरोबरच होतं ना?"

"बरोबरच हाय, बाय," ते म्हणाले. मग नोंदींवरची नजर न काढता, "सगळ्यांसाठी."

सायली गोदामात जाऊ लागली. त्यांना दमधरे म्हणायची हिंमत पुढे कोणाची झाली नाही. ते पुन्हा पाटील झाले. पावणे सोडायचं काम चालूच होतं. चाचणी संपली की मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे, आता पंगतीचं विचारतील म्हणून. पाटील सरासरी वाचून दाखवायचे आणि चहाला निघून जायचे.