जातो नाही, येतो

कादंबऱ्यांतल्या अनाथांचा मला लहानपणापासून हेवा. कोणाचा धाक नाही, आणि शेवटी बंगलाही मिळतो! ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा आश्रमात वाढला होता. जेवण झालं की न सांगता सगळ्यांचे डबे धुऊन आणायचा. कादंबरीत हे कोणी लिहीत नाही. पण रात्री थांबायला, परदेशी जायला त्याला कोणाला विचारावं लागत नसे. मला मात्र धायरीच्या घरून आईचा फोन, "निघालास का?"

अमेरिकेची संधीही त्यालाच मिळाली. जळफळत का होईना, मी त्याला घरी जेवायला नेलं. जेवण झाल्यावर बूट घातले आणि ऑफिसातून निघताना म्हणायचा तसंच तो म्हणाला, "काकू, जातो."

आई खरकट्या हातानं दारात आली. "जातो काय? येतो म्हणावं, बाळा."

हे त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. "येतो," तो म्हणाला. जिन्यातून पुन्हा एकदा म्हणाला. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत आई गॅलरीत उभी होती.

मी रोज निघताना 'येतो' म्हणतो. ती स्वयंपाकघरातूनच "हं" म्हणते.