परबांचं दुसरं तिकीट

बोरीवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दरवर्षी दिवाळीनंतर एक सहल कंपनी युरोपच्या सहलीची माहिती द्यायची. फुकटचा चहा, बिस्किटं आणि पडद्यावर बर्फाच्या डोंगरांच्या स्लाइड्स. मग प्रश्न. वरणभात मिळेल का, संडासात पाणी असतं का, सासूचे गुडघे दुखतात तर बसमध्ये पुढची सीट द्याल का. मी इंग्रजी शिकवत होते, एकटीच राहत होते आणि एकदा तरी बाहेरचं जग बघायचं म्हणून पैसे साठवत होते. असले प्रश्न ऐकून माझं डोकं उठायचं. एका वर्षी मागच्या रांगेतून वॉचमनचा खाकी शर्ट घातलेला एक काटकुळा माणूस उठला. "हॉलंडात मोकळा वेळ किती?" त्याने विचारलं. मॅनेजर म्हणाला, "अर्धा दिवस, काका. शॉपिंगसाठी." "बरा," म्हणून तो खाली बसला.

पुढच्या वर्षी तोच माणूस, तोच प्रश्न. मला गप्प बसवेना. चहाच्या टेबलाशी गाठून मी विचारलं, "अहो, एवढं काय आहे हॉलंडात?"

"माझो झील थय आसा, बाई."

मला वाटलं, मुलगा नोकरीला असेल. मी हसून विचारलं, "अरे वा, काय करतो?"

"काय करतलो? रॉटरडॅमात पुरलेलो आसा."

कुठून विचारलं असं झालं. तेच मग म्हणाले, "चाय घेवा, थंड होता."

भिकाजी परब आमच्याच गल्लीच्या टोकाला, बैठ्या चाळीत राहत. गाव मालवणकडचं. पूर्वी मिलमध्ये होते. संपात मिल गेली तेव्हा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटावर बसू लागले. एकुलता एक मोहन बोटीवर खलाशी होता. रॉटरडॅमच्या बंदरात माल उतरवताना तो खाली तळात पडला. तार आली तोवर त्याला तिथेच पुरूनही झालं होतं. बोटीवरच्या एका दोस्ताने कबरस्तानाचा पत्ता आणून दिला, तेवढाच आधार.

परबकाकूंनी त्याचं मरण मानलंच नाही. "मी बघल्याशिवाय मानूचंय नाय," एवढं एकच वाक्य. दहावं नाही, तेरावं नाही, पिंड नाही. आणि सुतक फिटलं नाही म्हणून घरात गणपती नाही. कोकणातल्या माणसाच्या घरी गणपती नाही म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. चतुर्थीला अख्खी चाळ आरतीला टाळ कुटायची आणि हे दोघं दार लावून आत बसायचे. परब म्हणत, "देवाक ताटकळत ठेवलंव. पण मोहनाच्या आवशीक कोण समजावतलो?"

बोटीच्या कंपनीकडून भरपाई म्हणून आलेले पैसे बँकेत तसेच पडून होते. मुलाच्या पैशाने भाजी आणायची नाही, हा काकूंचा कायदा. त्या पैशांनी त्याच्याकडेच जायचं, दोघांनी, आणि तिथली मूठभर माती आणून पिंड घालायचा, असं ठरलेलं. गेटावरच्या वॉचमनने आपल्या आपण मागितला तर कोण व्हिसा देणार? म्हणून सहल. व्हिसा कंपनी काढणार, इतर लोक बाजार करतील तेवढ्यात आगगाडीने रॉटरडॅम गाठून परत यायचं. एवढंसं काम, त्यासाठी अख्खा युरोप विकत घ्यायचा.

एका तिकिटाची सोय केव्हाच झाली होती. अडलं होतं ते दुसऱ्यापाशी. त्यासाठी परबांनी विडी सोडली, दुपारचा चहा सोडला, अंधेरी स्टेशनापासून कारखान्यापर्यंत पायी जाऊ लागले. काकू घरोघरी मालवणी मसाला कुटून द्यायच्या. दिवाळीनंतर मोठ्या उमेदीने परब हॉलमध्ये जायचे आणि नवे दर ऐकून परत यायचे. "आमी एक पाऊल टाकलंव की युरोप दोन पावलां मागे सरता," ते म्हणत. मी एकदा जरा फटकन बोलले, "अहो, मग एकटेच जाऊन या ना." परब शांतपणे म्हणाले, "आवशीक सोडून कसो जाव? आणि घाई कसली, बाई? पुरलेलो माणूस खय जातलो?" त्यांच्या गावाबाहेर कुणा साधूची समाधी होती, आज्याच्या आज्यापासूनची. पुरलेलं म्हणजे कायमचं, हेच ते बघत आलेले. मला तरी कुठे वेगळं ठाऊक होतं?

शेवटी माझे पैसे जमले. त्याच वर्षी काकूंनी हात टेकले. परबांना घेऊन माझ्या घरी आल्या आणि त्यांना म्हणाल्या, "बाई इंग्रजी बोलतत, बाई सोबत आसत. तुमी जावा. तुमी बघलात म्हणजे मी बघलंय." मग मात्र तयारीला जोर चढला. वीस किलोच्या वर सामान नको म्हणून परबांनी बॅग रद्दीवाल्याच्या काट्यावर नेऊन तोलली. काकूंनी बेसनाचे लाडू दिले, मातीसाठी झाकणाचा छोटा डबा दिला. विमानतळावर अख्खी चाळ आली होती. हार घातले, नारळ दिला. माझ्या आयुष्यातला पहिला परदेश प्रवास आणि मी सारखी पर्समधला कबरस्तानाचा पत्ता चाचपत होते.

लंडन झालं, पॅरिस झालं. मंडळी मनोऱ्यांचे फोटो काढत होती आणि परब बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसत. ॲमस्टरडॅमला सगळे हिऱ्यांचा कारखाना बघायला उतरले तसे आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. गाडीत ते एवढंच बोलले, "उंच झालेलो हां मोहन. माझ्यापेक्षा वीतभर उंच."

कबरस्तान एखाद्या बागेसारखं होतं. ऑफिसातल्या म्हाताऱ्या गृहस्थाने पत्ता वाचला, नाव विचारलं आणि तो माझ्याशी फार हळू बोलू लागला. त्या भागातली जागा दहा वर्षांसाठीच मिळते. मुदत संपली की कबर मोकळी करतात आणि अस्थी एका सामाईक खड्ड्यात ठेवतात. तसंच झालं होतं. आदल्या वर्षी.

"काय म्हणता तो?" परबांनी विचारलं.

मी सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेल्यावर पण भाडा?" मग, "माका कोणी सांगला असता तर भरलं असतंय गो." मला त्यांनी पहिल्यांदाच, लेकीला म्हणावं तसं, 'गो' म्हटलं. त्या गृहस्थाने आम्हाला जागा दाखवली. तिथे नवा दगड होता, कुणा बाईच्या नावाचा, आणि ताजी फुलं. सामाईक खड्ड्यावर नुसती हिरवळ होती. परब बघत उभे राहिले. रडले नाहीत, मीच रडले.

"एका तिकिटाचे पैशे कधीचेच होते, बाई," ते म्हणाले.

दुसऱ्या तिकिटाच्या नादात पोरगा हातचा गेला होता, तो दुसऱ्यांदा. निघताना त्यांनी हिरवळीच्या कडेची माती उकरून डब्यात भरली. "हय खयतरी असतलोच," म्हणाले. गाडीत माझ्याकडून शब्द घेतला की काकूंना काही सांगायचं नाही.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं, दगड पांढरा आहे, नाव बरोबर लिहिलं आहे, जागा चांगली झाडाखाली आहे. मी शेजारी बसून मान डोलावली. काकू कितीतरी वेळ त्या मातीवर हात फिरवत होत्या आणि मग मोकळ्या गळ्याने रडल्या. बारा दिवसांचं सगळं यथासांग झालं. त्या भाद्रपदात परबांच्या घरी गणपती आला. मी आरतीला गेले होते. काकूंचा आवाज खणखणीत लागला होता. परब टाळ हातात धरून नुसते उभे होते.

त्यानंतर ते हॉलमध्ये कधी आले नाहीत. रस्त्यात भेटले की "बरा आसा मा?" विचारून पुढे जात. दुसऱ्या वर्षी कारखान्याच्या गेटावर, खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. मनावर घेतलेलं ओझं माणसाला आतून पोखरतं म्हणतात; मी ते डोळ्यांनी बघितलं.

त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि दिवाळी उलटल्यावर काकू माझ्याकडे आल्या. पिशवीतून सहल कंपनीचं रंगीत माहितीपत्रक काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. त्या एकट्याच हॉलमध्ये जाऊन आल्या होत्या. परबांच्या फंडाचे पैसे आले होते.

"ह्यांनी बघला, आता माका बघूचा आसा," त्या म्हणाल्या. "ह्यांची पण चिमूटभर राख थय नेऊन ठेवतंय, झिलाच्या बाजूक."

मी म्हटलं, "काकू, केवढा खर्च आहे तो."

"आता परवडतला, बाई," काकू म्हणाल्या. "आता एकच तिकीट लागतला. तुमका वाट ठाऊक आसा. येशात ना?"