खालून दुसरी खाच

मी गाव सोडलं त्या दिवशी अण्णा शेतातून थेट एसटी स्टँडवर आले होते. सायकलच्या कॅरिअरवर म्हशीसाठी कापलेल्या गवताचा भारा आणि हँडलला लटकवलेली माझी सुटकेस. जिंतूरहून पुण्याला जाणारी गाडी लागली तशी त्यांची अशी काही धांदल उडाली, की सुटकेस राहिली सायकलवर आणि भाराच उचलून ते कंडक्टरकडे निघाले. कंडक्टर म्हणाला, "मामा, ह्याला लगेज पडंल." आईला हसू आवरेना, आणि मला तर रडायचं होतं.

गाडी सुटताना अण्णा खिडकीशी आले आणि म्हणाले, "इळा हातात धरावा लागू नये म्हणून शिकिवलंय तुला. गवताच्या नादाला पुन्हा लागू नको, बाई."

आज मी चाकणच्या एका कंपनीत गवत कापायची यंत्रं डिझाइन करते. हसा, गावाकडच्या मैत्रिणींनो, पोटभर हसा.

माझ्यासारखे जे इकडे आले त्यांना सुरुवात सांगायला नको. थेरगावात डांगे चौकाजवळ तिघींत एक खोली, सकाळी बाथरूमसाठी नंबर आणि मग कंपनीची बस. चाकणमध्ये डोळे मिटून दगड मारला तरी तो गाडीच्याच पार्टवर पडतो, म्हणून मला वाटलं होतं आपण गाड्याच बनवणार. मला नोकरी दिली लॉनमोअरवाल्यांनी. लॉनमोअर म्हणजे मागून ढकलत न्यायचं, पोटाखाली पातं फिरणारं यंत्र. त्यातही माझ्या वाट्याला आला एक दांडा. तो मागे ओढला की चारही चाकं खाली सरकतात, यंत्राचं पोट वर उचललं जातं आणि गवत उंच राहतं. पुढे ढकलला की पोट खाली येतं आणि गवत बारीक होतं. दांड्याच्या बाजूला सात खाचांची पट्टी असते. हवी ती उंची निवडायची आणि दांडा त्या खाचेत बसवायचा. माझी डिग्री, माझी सगळी विद्या त्या सात खाचांत बसली.

हे मी फोनवर अण्णांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज आला, "म्हंजे गवतच?"

त्यानंतर अण्णांनी गावात सांगितलं की लेक गाड्या बनवती. एकाला नाही, सगळ्यांना. मी सुट्टीला गेले की लोक वाट बघत असायचे. कुणाच्या ट्रॅक्टरचा गिअर अडकतोय, कुणाच्या जीपला धूर येतोय. मी बोनेट उघडून गंभीरपणे आत बघायची आणि म्हणायची, "मेकॅनिकला दाखवा." लोक म्हणायचे, पोरगी हुशार, पण गर्विष्ठ झाली. मी अण्णांकडे बघायची, तर अण्णा आभाळाकडे. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पगार चांगला होता, काम अवघड होतं, पण माझ्या बापाला ते चारचौघांत सांगायची लाज वाटत होती. एकदा, फक्त एकदा त्यांनी ते उजळ माथ्यानं सांगावं, एवढीच माझी इच्छा होती.

बरं, त्या दांड्याचं तरी धड चालावं! नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं. यंत्र खडबडीत जमिनीवर गेलं, एखादा दगड लागला, की दांडा टुणकन उडून एक खाच खाली जायचा आणि लॉनला मधेच टक्कल पडायचं. टेस्टिंगचा संतोष राजगुरुनगरचा. तो म्हणायचा, "मॅडम, तुमचा दांडा लई गरीब हाय राव. जरा कुनी धक्का दिला की खाली बसतोय." मी स्प्रिंग बदलली, खाच खोल केली, तिचा कोन बदलला. आता प्रश्न होता, टेस्ट करायची कुठे? आमच्या कंपनीत सगळीकडे काँक्रीट. ऑफिससमोर हिरवळीचा एक तुकडा आहे, पण त्यावर मोठ्या साहेबांचा जीव. तिथं यंत्र नेलं असतं तर आधी मलाच कापलं असतं.

तोवर मी वाकडला फ्लॅट घेतला होता. आमच्या सोसायटीला लॉन आहे. कमिटीच्या हातापाया पडून मी तिथं ट्रायलची परवानगी काढली आणि यंत्र जिन्याखाली आणून ठेवलं. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं की ट्रायल करायची, असं ठरलं.

त्याच आठवड्यात अण्णा डोळे दाखवायला आले. नव्या चष्म्यातून त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते लॉन.

"कुनाच्या ढोरासाठी ठिवलंय हे?"

"कुणाच्याच नाही, अण्णा. बघण्यासाठी आहे."

"बघून पोट भरतंय व्हय म्हशीचं?" असं म्हणून ते वाकून गवत चाचपू लागले. रिकाम्या हातांचा माणूस आणि वाढलेलं गवत एका जागी ठेवू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पंचवीस तारखेला माळी सुट्टीवर गेला. मी चाकणला. उद्या झेंडावंदन आणि गवत असं माजलेलं, हे काही अण्णांना बघवेना. त्यांनी वॉचमनकडून यंत्र सुरू करून घेतलं आणि कामाला लागले. आता आमच्याकडची रीत अशी, की गवत कापायचं तर बुडापासून. मागे बोटभर उभं राहिलं की कापणारा आळशी. आज्जीनं अण्णांना लहानपणी याच गोष्टीवरून धपाटे घातले होते. त्या संस्कारांना जागून त्यांनी दांडा थेट खाली आणला.

संध्याकाळी मी बसमधून उतरून गेटात शिरले, तर लॉनच्या जागी माळ. तपकिरी, भादरलेला. मधोमध अण्णा घाम पुसत उभे, शेजारी गवताचे व्यवस्थित बांधलेले भारे, भोवती सगळी कमिटी.

"अहो काका, हे काय करून ठेवलंत? उद्या फंक्शन आहे!" सेक्रेटरींचा आवाज चिरकला होता. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं मशीन फॉल्टी आहे. सांगितलं होतं ना मी? उचला आणि परत पाठवा. ट्रायल वगैरे काही नाही आता."

मी तोंड उघडायच्या आत अण्णा पुढे आले.

"ओ सायेब, मला काय बोलायचं ते बोला. यंत्राला नाव ठिवू नका. खालून दुसऱ्या खाचंवर म्या लावलं. एकदम खाली लावलं तर माती उडायली होती, म्हणून एक घर वर घेतलं. दगडं लागले, मुळ्या लागल्या, पर जिथं लावलं तिथून हाललं न्हाई. चूक माझी. यंत्र माझ्या लेकीनं बनिवलंय. गवत कापायचं यंत्र. माझ्या लेकीनं."

मी खाली वाकून बघितलं. दांडा खालून दुसऱ्या खाचेत रुतून बसला होता. एवढ्या धक्क्यांत तो उडाला नव्हता. सेक्रेटरी अजून काहीतरी बोलत होते आणि मी भर लॉनमध्ये, म्हणजे पूर्वीच्या लॉनमध्ये, ओढणी तोंडाला लावून हसत होते आणि रडतही होते. सेक्रेटरींना वाटलं मला पश्चात्ताप झाला. त्यामुळे ते जरा नरमले.

झेंडावंदन पार्किंगमध्ये झालं. भारे अण्णांनी जवळच्या एका गोठ्यात स्वतः नेऊन दिले आणि तिथल्या म्हातारबाबांशी दोस्ती करून आले. गावाला परत जाताना मात्र तोंड बारीक करून म्हणाले, "मुळं हायेत अजून. येतंय बघ."

आणि ते आलं. तोवर अण्णांचा रोज फोन. माझी तब्येत नाही, जेवण नाही, पहिला प्रश्न, "उगवलं का?" मीही विचारते, म्हैस कशी आहे, बांधावरचं गवत केवढं झालं. घर आता कुठं आहे असं कुणी विचारलं, की मला हे दोन प्रश्न आठवतात. जिथल्या गवताची कुणीतरी रोज चौकशी करतं, ती दोन्ही घरं माझीच.

परवा आई सांगत होती, स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी अण्णांना पुन्हा विचारलं, लेक गाड्याच बनवती ना? अण्णांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"गाड्या कुनीबी बनिवतंय. माझी लेक गवत कापायचं यंत्र बनिवती. कापायला काय, म्याबी कापतो. किती ठिवायचं, ते ती ठरिवती."