आंबट का गोड?

शांतारामभाऊ संत्र्याची सालं लोणच्यासारखी उन्हात ठेवायचे. काचेच्या बरणीत सालं, साखर, वर ब्रँडी आणि तोंडाला फडक्याचा दादरा. मोहोपाड्यात त्यांच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्याने आलो, त्या दिवशी ती बरणी मीच उचलून सावलीत ठेवली. मला वाटलं, मुरांबा आहे.

"मुरांबाच हाय," भाऊ म्हणाले, "पन चपातीबरोबर नाय खायचा!"

भाऊ रसायनीतल्या एका कंपनीच्या गेस्टहाऊसवरून निवृत्त झालेले. तिथे साहेबांसाठी शिकलेली 'साइडकार' नावाची कॉकटेल ते दर शनिवारी दिवेलागणीला घरच्या ओट्यावर बनवायचे, बायकोसाठी. पेल्याच्या कडेला लिंबू फिरवून तो साखरेत पालथा घालायचा. स्टीलच्या डब्यात ब्रँडी, बरणीतला संत्र्याचा अर्क आणि बर्फ. मग लिंबू पिळण्याआधी हात थांबवून विचारायचं, "वत्सला, आज आंबट का गोड?"

"आंबट. आनि गाळून द्या. मागल्या टायमाला बी आली दाताखाली."

"बी नव्हती, तुजा दात होता त्यो!"

लगेच डबा पंच्यात गुंडाळून खुळखुळ सुरू.

मागच्या दारात तांदूळ निवडत मी हे ऐकायचे आणि जळायचे. दारूचा मोह नव्हता. आमच्या हिंगोलीकडे बाईने बाटलीकडे बघणंही पाप. हेवा वाटायचा तो त्या प्रश्नाचा. सातवीत शाळा सोडवली, पुढे लग्न लावलं, इथे आणलं. मला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं. आमचे हे माणूस चांगले, पण कंत्राटी कामगार. आज काम जाईल, उद्या खोली जाईल, या धास्तीत आम्ही दोघं बोलायचंच विसरलो होतो. ह्यांना ताप चढला तेव्हा रिक्षा करून दवाखान्यात नेलं ते भाऊंनीच. डबा पाठवला वत्सलावहिनींनी. त्यांचंच खायचं आणि त्यांच्याच सुखावर डोळा ठेवायचा, याची लाज वाटायची. हेवा मात्र जात नव्हता.

शेवटी काम सुटलंच. गुजरातेत दहेजला जायचं ठरलं. निघायच्या आधीच्या शनिवारी भाऊंनी आम्हा दोघांना ओट्यावर बोलावलं. माझ्यासाठी बिनब्रँडीचं, नुसतं संत्र्याचं सरबत. लिंबू हातात धरून ते थांबले.

"तुला गं पोरी? आंबट का गोड?"

इतके दिवस ज्यासाठी जळले, ते समोर आलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघतेस? जीभ तुजी हाय ना?" मग ह्यांच्याकडे वळून, "इचारत जा रं बायकोला. तोंड झिजत नाय."

"गोड," मी म्हटलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. मला काय आवडतं, ते त्यांनाही तेव्हाच कळलं.

दहेजला असतानाच भाऊ वारल्याचं वहिनींनी फोनवर कळवलं. त्यानंतर एका शनिवारी, दिवेलागणीलाच, मी फोन लावला. "बरनी अजून उन्हातच हाय गं," त्या म्हणाल्या. "आत कोन घेनार?"

हेवा करण्यासारखं त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं. मी विचारलं, "वहिनी, आज आंबट का गोड?"

पलीकडे त्यांनी नाक ओढलं. मग म्हणाल्या, "आंबटच. आनि गाळून दे गं."