मंडईतला यमन

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मोहाडीकडच्या आमच्या गावात रात्रीच्या नाटकाआधी, दुपारी, बाबांचा वाद्यवृंद वाजतो. बाबांचं क्लॅरोनेट, माझं व्हायोलिन, दोन पेट्या, तबला. आधी यमन, मग देस, शेवटी भैरवी. वर्षानुवर्षं तेच, त्याच क्रमानं. सांजेचा यमन भरदुपारी, अन् समोर लोक आलूबोंडे खात बसलेले! माझं डोकंच फिरायचं.

तीन वर्षांपूर्वी मी हट्टालाच पेटले. यंदा पटदीप वाजवायचा, दुपारचा राग आहे, नाहीतर मी येतच नाही, म्हटलं. बाबा नुसते "पाहू" म्हणाले. सरावाला बोलावलं तर कधी खोकला, कधी धानाची कापणी. आई मात्र चुलीपुढून उठून आली.

"तेच वाजवू दे न त्याईले. तुले काय करा लागते?"

तुला संगीतातलं काय कळतं, असं मी तिच्या तोंडावर म्हटलं.

मंडईत मी पटदीप सुरू केला. बाबांची जागा आली अन् गेली. वाटलं, रुसले. रागानं वळून पाहिलं तर ते हातातल्या क्लॅरोनेटकडे बघत होते. बोटं कुठे ठेवायची तेच त्यांना कळत नव्हतं. तबल्याला खूण करून मी यमन धरला, तशी त्यांची बोटं आपसूक धावली. लोकांना पत्ताही लागला नाही.

घरी आल्यावर आईनं सांगितलं. नवीन काही त्यांच्या डोक्यात राहतच नाही. वरठीहून घरी येताना एकदा रस्ता चुकले होते. जुनं आहे तोवर आहे.

पुढच्या मंडईला भैरवी अर्ध्यात सुटली. गेल्या वर्षी देस गेला. आता यमनच उरलाय, तोच दोनदा वाजवतो. परवा गावातला एक जण हसत म्हणाला, दुसरं काही येत नाही का जी तुम्हाले? त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

काल सराव होता. यमनाच्या अंतऱ्यापाशी बाबा थांबले. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा जाडाभरडा आवाज आला, पुढची ओळ गुणगुणत. बाबांनी तिथून उचललं. ते एकटे वाजवायला बसले की हे रोजचंच आहे, मला काल कळलं.

सराव संपल्यावर मी आत गेले. म्हटलं, यंदा तू मंचावर बाबांच्या शेजारी बस.

ती कणीक मळायची थांबली.

"अन् मीच विसरली तं?"