गिरणीकाकीचा अंबरखाना

गिरणीकाकीच्या पापण्या बारा महिने पांढऱ्या असायच्या. लग्नकार्याला निघताना ती दोनदोनदा तोंड धुवायची, तरी फोटोत केस काळे आणि पापण्या पांढऱ्याच यायच्या. ती माझी चुलती. कोल्हापुरात आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. खाली काकी आणि तिची पिठाची गिरणी. सकाळी आठला पट्टा फिरायला लागला की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. पाहुण्यांना त्याचा त्रास व्हायचा, आम्हाला मात्र ती थरथर थांबली की चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

काका गेले तेव्हा गिरणी आता बंद होणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. काकीने दिवसकार्य झाल्यावर शटर वर केलं आणि दळायला बसली. चक्कीचे दगड झिजून गुळगुळीत झाले की छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत करावे लागतात. त्याला टाकी मारणं म्हणतात. ते काम करणाऱ्या माणसाने एकदा सलग दोन दिवस दांडी मारली. काकी म्हणाली, "त्येची वाट कोण बघत बसंल? मीच मारतो की." आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, पण काकीच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं. त्यानंतर तो माणूस आलाच नाही, म्हणजे तिने त्याला येऊ दिलं नाही.

दळणाच्या डब्यांवर नावं लिहिलेली तिला खपत नसत. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी डब्यावर चिठ्ठी चिकटवून पाठवली, तर काकीने ती सोलून परत दिली. "वैनी, चिट्टी कशाला? तुमचा डबा कडंला चेपलाय. वळखतो मी." आणि दळायचा तिचा क्रम ब्रह्मदेवालाही मोडता आला नसता. गव्हावर गहू, जोंधळ्यावर जोंधळा. आधीच्या धान्याचं पीठ दगडात राहतं, म्हणून गव्हाचे सगळे डबे संपल्याशिवाय ती जोंधळ्याला हात लावत नसे. एकदा नगरसेवकाचा माणूस घाई करायला लागला. त्याला तिने स्टूल दिलं आणि तासभर बसवून ठेवलं.

तिचा मुलगा प्रताप पुण्यात नोकरीला. "आई, आता बास. पीठ छातीत बसतंय तुझ्या. चल माझ्याकडं," हे तो दर फोनला सांगायचा. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. थंडीत तिचा खोकला आम्हाला वरपर्यंत ऐकू यायचा. शेवटी त्याने चक्कीसाठी गिऱ्हाईक शोधलं. मंगळवारी चारला तो माणूस यंत्र बघून सौदा पक्का करायला येणार होता. काकी हो म्हणाली नव्हती आणि नाहीही. मी विचारलं की म्हणायची, "डबं संपू देत, मग बघू." डबे काही संपत नव्हते.

त्या मंगळवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नव्हती. गिरणी बंद, आणि मी घरूनच काम करायचे, त्यामुळे माझा संगणकही बंद. काकीने अकरा वाजेपर्यंत दारात बसून रस्ता बघितला आणि मग वर आली. मी आमटीला फोडणी देत होते.

"ग्यास बंद कर. पन्हाळ्यावर जाऊन येऊ."

"आत्ता? चारला तो माणूस येणार आहे की."

"चारला लई येळ हाय. चाळीस वर्सं हितं नांदतोय, पन्हाळा काय नीट बघितला न्हाय. लोकं पुण्यास्नं येऊन बघून जात्यात."

आमटी तशीच झाकून आम्ही निघालो. तिने पदरसुद्धा झटकला नव्हता. माझ्या स्कुटीमागे ती बसली आणि वाऱ्याने तिच्या लुगड्यातलं पीठ उडायला लागलं. मागून येणारा मोटारसायकलवाला डोळे चोळत पुढे निघून गेला.

गडावर तिने बुरूज बघितले नाहीत, खाली दिसणारं खोरं बघितलं नाही. अंबरखान्याशी, म्हणजे गडाच्या धान्याच्या कोठारांशी आलो आणि ती तिथेच अडकली. आधी भिंतीवरून तळवा फिरवला. "टाकी झ्याक मारलीया," ती म्हणाली. आत जाऊन तिने दीर्घ श्वास घेऊन वास घेतला, जमीन चाचपली, छताकडे मान वर केली. धान्य वरच्या भोकांतून आत ओतायचे हे कळल्यावर तिने अशी मान डोलावली की जणू बांधणाऱ्या गवंड्याला शाबासकीच देत होती. "वल न्हाय बघ कुठं. अशात दाण्याला टोका, किडा हुणार न्हाय." मी शाळेच्या सहलीपासून कितीदा तरी तिथे गेले असेन. ती कोठारं धान्यासाठी आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं.

शेजारी एक गाईड दहाबारा पर्यटकांना वेढ्याची हकीकत सांगत होता. सैन्य किती, शिबंदी किती, धान्य किती दिवस पुरलं. काकी त्या घोळक्यात शिरली.

"पावणं, धान्य हितं ऱ्हात हुतं, समजलं. दळत कोण हुतं?"

गाईड तिच्याकडे वळला. "दळत... असतील बायका जात्यावर."

"असतील न्हवं. हुत्याच. एवढी माणसं काय कच्चा दाणा खाऊन लढली?"

लोक हसले. गाईडही हसला आणि म्हणाला, "खरं हाय काकी, त्येंची नावं काय लिवल्याली न्हाईत."

काकी हसली नाही. बाहेर येऊन ती पायरीवर बसली. मी भुईमुगाच्या शेंगा आणल्या, त्या तिने हातातच ठेवल्या. कोठारांकडे बघत म्हणाली, "येढा पडल्यावर त्या दळणाऱ्या बायकास्नी कुणी म्हटलं नसंल, बास कर आता, ऊठ म्हणून."

मग तिने माझ्याकडून त्या गिऱ्हाइकाला फोन लावून घेतला. तीन वाजायला आले होते. "पावणं, आज येऊ नगा. उद्याबी येऊ नगा. डबं हायत अजून." तिकडून काहीतरी बोलणं आलं असावं. "व्हय, प्रतापला मी सांगतो," म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला आणि शेंगा फोडायला लागली. इतक्या सरळपणे आपलं आयुष्य आपल्या हातात घेणारं दुसरं माणूस मी बघितलेलं नाही.

प्रताप चिडला, महिनाभर फोनवर तुटक बोलला. मग पुण्याहून येताना तोंडाला बांधायच्या मास्कचा खोका घेऊन आला. तिने तो वापरला, शिव्या देत वापरला. त्यानंतर गिरणी तीन वर्षं चालली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काकी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. प्रताप पुण्याहून पोचेपर्यंत दुपार झाली. सगळं आटोपून घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. आमच्याकडे अशा दिवशी चूल पेटत नाही, शेजारचे लोक जेवण आणून देतात. समोरच्या मावशींनी पिठलं आणि टोपलीभर जोंधळ्याच्या भाकऱ्या आणल्या. प्रताप भिंतीला टेकून बसला होता. ताट पुढे ठेवलं तरी तो हात लावेना.

मावशी त्याच्याजवळ खाली बसल्या. "खा, बाळा. परवाच तिच्याकडनं दळून आणल्यालं हाय."

मला तिथे बसवेना, मी आत जाऊन रडले. बाहेर आले तेव्हा प्रतापने भाकरी संपवली होती, आणि ताटात पडलेले तुकडे तो बोटाने एकेक करून टिपत होता.