टाळूवरचं पाणी

आमच्या पहिल्या मुलाला नाव नाही. तो जेमतेम एक दिवस जगला.

तेव्हा आम्ही कुंभारवाडा गावाच्या बाजूला, जंगलातल्या एका वाडीत राहत होतो. गोव्याकडून जंगलकामाला आलेली दहा-बारा ख्रिस्ती घरं तिथं होती. त्यांच्यासाठी गवताने शाकारलेलं एक प्रार्थनाघर होतं आणि मुलांना धर्माची प्रश्नोत्तरं शिकवायचं काम माझ्याकडे होतं. पाद्री वर्षातून दोनदा फेरीवर येत. माझ्या ओसरीवर मुलं एका सुरात म्हणायची: बाप्तिस्म्यावाचून तारण आहे का? नाही. माणूस मरायला टेकलं आणि पाद्री जवळ नसले, तर बाप्तिस्मा कोण देऊ शकतो? कोणीही. ही उत्तरं मी त्यांच्याकडून घोकून घेतली होती.

सुगी झाल्यावर बायकोला हिवताप भरला आणि आठव्या महिन्यातच ती बाळंत झाली. सुईण शेजारच्या वाडीतली, भातशेती करणाऱ्या हिंदू घरातली म्हातारी होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिने पोर जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं आणि मला बाहेर बोलावलं.

"मास्तर, पोर लई बारीक हाय. उद्याचा दिवस काढंल असं मला वाटत न्हाई. तुमचं काय करायचं असंल ते आत्ताच करून घ्या."

घरात पाणी होतं. बाप्तिस्म्याचे शब्द मला झोपेतही आले असते. तरी मी हात लावला नाही. पाद्री त्याच आठवड्यात अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, नंदिगड्ड्याला आल्याचं कळलं होतं. बापाने स्वतःच्या मुलाला बाप्तिस्मा देऊ नये, दुसरं कोणीच नसेल तरच द्यावा, असं मी वाचलेलं होतं. ती सबब मी मनाशी धरली. खरं कारण निराळं होतं. मी पाणी घातलं असतं, तर मुलगा मरणार हे माझ्याच हाताने कबूल केल्यासारखं झालं असतं.

"मी पाद्रींना घेऊन येतो," मी बायकोला म्हणालो.

ती तापाने फणफणली होती, पण शुद्धीवर होती. म्हणाली, "आधी पाणी घाला, मग जा."

"उद्या दुपारपर्यंत येतो," एवढंच बोलून मी निघालो.

नंदिगड्ड्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. जंगलातून त्या वेळी निघणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. पाद्रींचं वय झालेलं, गुडघा दुखरा. प्रत्येक चढावर ते थांबत आणि मी पुढे जाऊन त्यांची वाट बघत उभा राही. त्यांना घाई करा असं म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

दुपारी घरी आलो तर मावशी उंबऱ्यात बसली होती. तिच्या मांडीवर सूप होतं आणि सुपात मुलगा होता. अंगावर स्वच्छ फडकं घातलेलं.

"सकाळीच गेला," ती म्हणाली. "पर मी पाणी घातलं, मास्तर. बाईनं सांगितलं, तुम्ही घाला. तिचा हात उचलत न्हवता."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. पाद्री तिच्यासमोर ओसरीवर टेकले आणि हळू आवाजात विचारू लागले.

"पाणी कुठं घातलंस?"

"टाळूवर."

"आणि म्हणालीस काय?"

"तुमच्या ओसरीवर पोरं म्हणतात ते. मी तुला बाप्तिस्मा देते, बापाच्या नावानं, पुत्राच्या नावानं." ती थांबली. "तिसरं नाव मला आठवंना झालं. बाईला विचारलं, तर तिला भ्रम झालेला. पोर तर आचके देत होतं. मग मी म्हटलं, देवा, तिसरा कोण असंल तो असंल, ह्याला घे."

तिला खोटं बोलता आलं असतं. ती तीन नावं घेतली म्हणाली असती, तर कुणी शंका घेतली नसती. पाद्रींनी डोळे मिटले. ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. तीन नावांतलं एक गळलं तर बाप्तिस्मा होत नाही, हे मीच मुलांना शिकवत होतो.

"मला बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिता येणार नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या लेकरांना दुःख नसतं. फक्त देवाचं दर्शन नसतं. पण देव आपल्या नियमांनी बांधलेला नाही, मास्तर. आपण आहोत."

बाप्तिस्मा न झालेल्याला आत जागा नव्हती, म्हणून मुलाला आम्ही दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. खड्डा मीच खणला.

बायको बरी झाली. तिने मला एकदाच विचारलं, "तुम्ही का नाही घातलंत?" मी खरं कारण सांगितलं. ती ऐकून उठली आणि तांदूळ निवडायला बसली. त्यानंतर आमच्यात त्याविषयी बोलणं झालं नाही, आणि इतरही फारसं झालं नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली. ती धडधाकट होती, तरी नाळ कापल्याबरोबर मी तिच्या टाळूवर पाणी घातलं. बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मावशी मात्र मधल्या काळात एका दुपारी स्वतःहून ओसरीवर आली होती. "ते तिसरं नाव मला शिकवा," म्हणाली. पवित्र आत्मा हे दोन शब्द तिने घरी भाकरी थापता थापता पाठ केले. पुढे तापाच्या साथीत आमच्या वाडीतली दोन लेकरं तिच्या हातून बाप्तिस्मा घेऊन गेली. ती दोन्ही कुंपणाच्या आत आहेत.

ती अगदी थकली तेव्हा मी तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला स्वतःला बाप्तिस्मा घ्यावासा वाटत नाही?"

तिने तंबाखूची चिमूट मळून गालात धरली.

"न्हाई, मास्तर. माझा नवरा, माझी दोन पोरं जिथं गेली, तिथंच मला जायचं हाय. आणि तुमच्या धर्मानं पाणी न पडलेल्यांची जागा येगळी असंल, तर तुमचं लेकरूबी तिथंच असंल न्हवं? मी बघीन त्याला."

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या लोकांनी तिला ओढ्याकाठी अग्नी दिला. बायको मला न विचारता, पाणी आणायची कळशी घेऊन तिथं गेली आणि लांब उभी राहिली. मीही मागून गेलो. पाणी भरून परत येताना वाटेत ती म्हणाली, "आता तो एकटा नसेल."

माझ्या शिकवणीप्रमाणे हे बोलणं चूक होतं आणि ते सुधारायचं काम माझंच होतं. मी तिच्या हातातली कळशी घेतली आणि चालत राहिलो.